लिंकच्या कमिशनवर नोकरी सोडावी का?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहेत, हातात ३१ हजार येतात. यजमान सातपूरला नोकरीला, त्यांचे ३८ हजार. मुलगी पहिलीत, घराचा हप्ता साडेसतरा हजार. सासूबाई घरी असल्यामुळे मुलीची काळजी नाही. या ताई यूट्यूबवर स्वयंपाकाच्या भांड्यांबद्दल बोलतात: लोखंडी तवा कसा तयार करायचा, कल्हई कधी करायची, बिडाची कढई गंजली तर काय. सबस्क्रायबर २२ हजार. व्हिडिओखाली त्या वस्तूची लिंक देतात, कोणी त्यावरून खरेदी केली की कमिशन मिळतं. गेल्या बारा महिन्यांत असे १ लाख ३८ हजार रुपये आले.

आता त्यांना नोकरी सोडायची आहे. चार लाखांची एफडी मोडून १ लाख २० हजारांचा अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा, म्हणजे अशा लिंकवरून कमिशन कमवण्याचा, कोर्स करायचा आणि ९० हजारांचा कॅमेरा-लॅपटॉप घ्यायचा असा बेत आहे. कोर्सची जागा पक्की करायला पाच हजार भरूनही झाले आहेत. त्या लिहितात, "कोर्स केल्यावर तोच कोर्स पुढे विकायचा, दर विक्रीमागे ६० टक्के आपले. दोघींनी जरी घेतला तरी पैसे वसूल. ह्यांना पटत नाही, भाऊ म्हणतो हीच वेळ आहे. तुम्ही सांगाल तसं करीन."

ताई, कोर्स घेऊ नका आणि नोकरी आत्ता सोडू नका. चॅनल मात्र अजिबात बंद करू नका. तुम्ही केलेलं काम मोलाचं आहे, आणि ते मोल नेमकं कशात आहे हे नीट ओळखलंत तर पुढचे निर्णय सोपे होतील.

आधी आकडे. १ लाख ३८ हजारांना बारांनी भागलं की महिना साडेअकरा हजार दिसतात. पण तुम्हीच पाठवलेल्या तक्त्यात दसरा-दिवाळीच्या दोन महिन्यांचे ६४ हजार आहेत. उरलेल्या दहा महिन्यांचे मिळून ७४ हजार, म्हणजे महिना ७,४००. घर याच आकड्यावर चालवावं लागेल, कारण शाळेची फी आणि बँकेचा हप्ता दिवाळीची वाट बघत नाहीत. त्यात दाखवायला भांडी विकत घेण्यावर तुमचे महिना अडीच हजार जातात. तो खर्च वजा केला की साध्या महिन्यात हातात राहतात ४,९००, आणि वर्षाची सरासरी धरली तर ९ हजार.

आता नोकरीची बाजू. ३१ हजार हा फक्त हातात येणारा पगार. तुमचं मूळ वेतन १८ हजार आहे, त्यावर १२ टक्के म्हणजे २,१६० रुपये कंपनी दरमहा तुमच्या पीएफसाठी भरते. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी, २६ दिवसांचा महिना धरून. तुमच्या वेतनावर ते वर्षाला साधारण १०,३८५ रुपये होतात. ती मिळायला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि तुमची पाच वर्षं व्हायला आठ महिने आहेत. आज राजीनामा दिलात तर सुमारे ५२ हजारांवर पाणी सोडाल. शिवाय पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर ती रक्कम करपात्र होते. आणि घरात आरोग्य विमा एकच आहे, तुमच्या कंपनीचा. तो शेवटच्या दिवशी संपतो.

तुमचा घरखर्च हप्ता धरून ५०,५०० आहे. यजमानांचे ३८ आणि चॅनलचे सरासरी ९ असे ४७ हजार झाले तरी महिना साडेतीन हजार कमी पडतात. साध्या महिन्यात ७,६००. आज एफडीतले चार लाख म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांचा घरखर्च. त्यातून दोन लाख दहा हजार काढले की चार महिन्यांचाही उरत नाही, आणि नेमकी तेव्हाच नोकरीही नसेल. तुमच्या यजमानांना का पटत नाही, त्याचं कारण या दोन ओळींत आहे.

आता कोर्स. या भागावर मला जास्त बोलायचं आहे.

तुम्ही पत्रासोबत तुमच्या सर्वांत जास्त चाललेल्या व्हिडिओची माहिती दिलीत, म्हणून मी तो पूर्ण पाहिला. लोखंडी तवा. तुम्ही तो घासला, तापवला, तेल लावलं, कांदा फिरवला. पहिले तीन डोसे चिकटले. ते तुम्ही कापून टाकले नाहीत, तसेच दाखवलेत. चौथा कडेने सुटायला लागला, तेव्हाही म्हणालात की आठवडाभर रोज वापरल्याशिवाय याचा खरा अंदाज येणार नाही. आणि शेवटी: "तवा वजनाला जड आहे. मनगट दुखत असेल तर घेऊ नका." खाली एका बाईंनी विचारलं होतं की हाच तवा भांडीबाजारात मिळेल का. तुम्ही लिहिलंत, मिळेल, आणि हातात घेऊन वजन बघता येईल, नाशकात असाल तर तिथेच जा. त्या एका उत्तराने तुमचं कमिशन बुडालं. पण वर्षाच्या कमाईचा जवळजवळ अर्धा भाग याच व्हिडिओचा आहे. कोणी घेऊ नये हे तुम्ही सांगता, म्हणून कोणी घ्यावं हे सांगता तेव्हा लोक ऐकतात. तुमचं भांडवल हेच आहे. ते कोणत्याही कोर्समध्ये शिकवलं जात नाही, तुम्हाला ते येतंच.

आता हा कोर्स विकायचा कोणाला, याचा विचार करा. तुमच्याकडे ऐकणारी माणसं आहेत ती हीच, तवा घ्यायला आलेली. १ लाख २० हजारांवर ६० टक्के म्हणजे एका विक्रीमागे ७२ हजार. दोघींनी घेतला की तुमचे पैसे सुटले हे खरं. पण त्या दोघींचे सुटायला त्यांना आणखी चौघी लागतील, त्या चौघींना आठ. अशा तेरा फेऱ्यांत १६,३८२ बायका होतात. चौदावी पुरी व्हायच्या आत तुमचे २२ हजार प्रेक्षक संपलेले असतात, आणि सर्वांत शेवटी आलेल्या, म्हणजे सर्वांत जास्त संख्येच्या बायकांच्या हातात काहीच नसतं. तुमच्या शब्दावर एखादीने सोनं गहाण टाकून पैसे भरले तर तिच्या घरात तुमचं नाव कसं घेतलं जाईल?

नवीन माणसं जोडण्याच्या बदल्यात पैसे देणाऱ्या साखळ्यांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. या कोर्सचे करारपत्र मी पाहिलेले नाही, त्यामुळे तो त्यात बसतो असं मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: पुढे विकायचा हक्क नको, फक्त शिकायचं आहे, तर किंमत किती? आणि ज्यांना कमाई करायचीच नाही अशा किती जणांनी तो घेतला? याला सरळ उत्तर मिळालं नाही तर विकलं जातंय ते शिक्षण नाही, हे समजून घ्या. आणि "बिनव्याजी हप्त्यात भरा" म्हणतात तो हप्ता बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स आवडला नाही म्हणून ते थांबत नाही, आणि थकलं तर सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण) तुमचं खराब होतं, घराचं कर्ज असताना.

खऱ्या अ‍ॅफिलिएट कामात हे नसतं. तिथे वस्तू हवी असणारा माणूस ती विकत घेतो, कमिशन विक्रेता देतो, ग्राहकाला जास्त पैसे पडत नाहीत. तरीही तो धंदा पूर्ण तुमच्या हातात नाही. अ‍ॅमेझॉनवर तुमच्या लिंकवरून आलेल्या माणसाने साधारण २४ तासांत वस्तू टोपलीत टाकली आणि मग ती विकत घेतली, तर तुमचं कमिशन धरलं जातं. वस्तू परत गेली की कमिशनही गेलं. दर ठरवायचा आणि बदलायचा अधिकार त्यांचा. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये त्यांनी फर्निचर आणि घरसामानाचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. तुमच्या गटात उद्या तेवढीच कपात झाली तर साडेअकरा हजारांचे सव्वाचार हजार होतील, तुमच्या कामात काही कमी नसताना. म्हणून एकाच ठिकाणच्या लिंकवर आणि एकाच तव्यावर घर उभं करू नका.

दुसरा आधार कुठून आणायचा, तर तो तुमच्याजवळच आहे. तुम्ही भांडीबाजारात ज्या दुकानातून पितळेची भांडी घेता, तिथे बोलून बघा. पितळेचं पातेलं वजनावर घ्यावं लागतं, आतून कल्हई लागते, नाहीतर त्यात कढी-सांबार करता येत नाही. ऑनलाइन घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. दुकानदाराने कल्हई करून, वजनाची पावती लावून कुरिअरने पाठवायचं आणि तुमच्यामार्फत आलेल्या मागणीवर ठरलेली रक्कम द्यायची, अशी लेखी व्यवस्था होऊ शकते. फुटकं-चेपलेलं आलं तर बदलून कोण देणार, हे त्यातच लिहून घ्या. लोक तक्रार घेऊन दुकानात जाणार नाहीत, तुमच्याकडे येतील.

आणि पैसे मिळतात हे उघड सांगा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक सूचना तुम्हालाही लागू आहे: विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल, फुकट वस्तू मिळाली असेल, तर ते व्हिडिओतच, त्याच भाषेत, समजेल असं सांगायचं. खाली वर्णनात कुठेतरी इंग्रजीत लिहिलेलं चालत नाही. सध्या तुमचं तसंच आहे, ते बदला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. पण दंडाच्या भीतीने करू नका. "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं" एवढं वाक्य सुरुवातीलाच म्हणा. तुमचा चॅनल बघणाऱ्या बायका त्यामुळे तुटणार नाहीत, उलट अनेक जणी मुद्दाम तुमच्याच लिंकवरून घेतील.

कराचं थोडक्यात. कमिशनवर सध्या २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला जातो, तो तुमच्या २६एएस या कर-नोंदींच्या तक्त्यात दिसेल. पगारासोबत हे उत्पन्न असल्यामुळे आयटीआर-१ हे साधं विवरणपत्र चालणार नाही. ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची सोपी पद्धतही कमिशनला मिळत नाही, त्यामुळे आयटीआर-३ भरावा लागेल आणि भांडी, कुरिअर, इंटरनेटच्या पावत्या ठेवाव्या लागतील. नव्या करप्रणालीत तुमच्या एकूण उत्पन्नावर कर लागणार नाही, कापलेला टीडीएस परत मिळेल, पण विवरणपत्र भरलं तरच. जीएसटीची मर्यादा २० लाखांची आहे, तुम्हाला आज त्याची चिंता नको.

मग नोकरी कधी सोडायची? एक, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच. दोन, दिवाळीचे दोन महिने बाजूला ठेवून उरलेल्या दहा महिन्यांत खर्च जाऊन सरासरी २० हजार हातात राहायला लागले, आणि त्यात एका व्हिडिओचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त नसला, तर. एवढ्यात घर चालून महिना सात-साडेसात हजार शिल्लक राहतात. आज नुसत्या दोन पगारांतच साडेअठरा हजार राहतात, ही घट तुम्हाला चालेल का हे दोघांनी बसून ठरवा. तीन, तोवर चौघांचा स्वतःचा आरोग्य विमा घेऊन ठेवा. सासूबाईंचा वेगळा काढलात तर बाकीच्या तिघांचा हप्ता आवाक्यात राहील. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ नोकरीत असतानाच सुरू झालेला बरा.

कॅमेरा नको. लोक तुमचा तवा बघायला येतात आणि तो तुमच्या फोनवर स्वच्छ दिसतो. आवाजात मिक्सर आणि शेजारचा टीव्ही येतो, तेवढ्यासाठी एक कॉलर माइक आणि एक दिवा घ्या. आठ-दहा हजारांत होईल आणि ते दिवाळीच्या कमिशनमधून करा, एफडीतून नाही. तुमचं नियुक्तिपत्रही एकदा काढून वाचा. बाहेरचं काम करण्यावर त्यात अट असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, कारण इथून पुढे तुमचा चेहरा जास्त लोकांना दिसणार आहे.

राहिले ते पाच हजार. ते गेले म्हणून उरलेले १ लाख १५ हजार भरायचे नाहीत. आज संध्याकाळीच त्यांना ईमेल करा: मी प्रवेश घेत नाही, भरलेली रक्कम परत करावी, आणि पावतीची प्रत जोडा. फोनवर समजूत घालायला लागले तर लेखी उत्तर द्या एवढंच म्हणा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ती मराठीतही घेतात.