चोपन्नाव्या वर्षी खजिन्याचं बेट

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, वय ५४, ऑडिटची नोकरी. लहानपणी घरात पोथ्या आणि अभ्यासाची पुस्तकं सोडून काही नव्हतं, त्यामुळे चाचे, खजिना, ओसाड बेटं हे काही वाचलंच नाही. दिवाळीत मुलगी आली होती, ती जाताना 'ट्रेझर आयलंड' इथेच विसरली, ते मी चार रात्रीत संपवलं. मग 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' आणलं, तुरुंगातून सुटका होईपर्यंत हातातून सुटेना, आणि आता रोममध्ये अडकलोय. दोन नवीनच पोरं आलीत, कार्निव्हल चाललाय, आपला हिरो कुठे गेला कळत नाही. मित्र म्हणतात ही मुलांची पुस्तकं आहेत, छोटी आवृत्ती मिळते ती घे आणि मोकळा हो. मला खरंच उशीर झालाय का? आणि छोटी घेऊ का?

उत्तर : दादा, छोटी अजिबात घेऊ नका. हे आधी सांगते, मग बाकीचं बोलू.

मुलांची पुस्तकं म्हणाल तर 'ट्रेझर आयलंड' मुलांच्या साप्ताहिकात १८८१-८२ मध्ये क्रमशः आलं हे खरं, पण मॉन्टे क्रिस्टो १८४४ ते १८४६ पॅरिसच्या दैनिकात येत होतं, ते वाचणारी माणसं तुमच्यामाझ्यासारखी, सकाळी पेपर उघडून आधी कालच्या गोष्टीचं पुढे काय झालं ते बघणारी. ११७ प्रकरणं आहेत त्यात. ते एका दमात संपवायला लिहिलेलंच नाही, म्हणून तुम्हीही रोज एक-दोन प्रकरणं घ्या, जेवण झाल्यावर, आणि पुढचं उद्यासाठी राहू द्या.

आता उशिराचं. ट्रेझर आयलंडमध्ये गोष्ट सांगणारा पोरगा जिम जहाजावर सफरचंदाच्या पिंपात बसलेला असतो ते आठवा. बाहेर जहाजाचा आचारी सिल्व्हर एका तरुण खलाशाला फितवत असतो, आणि जिमला ऐकू येतं की हा माणूस त्या पोराचं अगदी त्याच शब्दांत कौतुक करतोय ज्या शब्दांत त्याने आपलं केलं होतं. दहा वर्षांच्या मुलाला इथे कटाची भीती वाटते. पण तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला त्या शब्दांशी थांबावं लागतं, कारण असा गोड बोलणारा एखादा आपण प्रत्येकाने बघितलेला असतो आणि त्याच्यावर विश्वासही टाकलेला असतो. मॉन्टे क्रिस्टोत तेच. नायक दान्तेस १९ व्या वर्षी तुरुंगात जातो, १४ वर्षांनी बाहेर येतो, आणि लिव्होर्नोला न्हाव्याकडे दाढी-केस करून आरसा मागतो, कारण इतक्या वर्षांत त्याने स्वतःचा चेहराच पाहिलेला नसतो. छोट्या आवृत्तीत असल्या जागा आधी उडतात कारण तिथे 'काही घडत नाही'. चौदा वर्षं म्हणजे किती हे चोपन्नाव्या वर्षी जसं कळतं तसं चौदाव्या वर्षी कुठून कळणार, सांगा. मला तर ते पान वाचून पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावं लागलं होतं.

रोममध्ये पुष्कळ लोक अडकतात, तुम्ही एकटे नाही. एवढंच सांगते की त्या दोन पोरांमधल्या अल्बर्टचं आडनाव नीट लक्षात ठेवा आणि दरोडेखोरांचा भाग घाईत उरकू नका, पॅरिसमध्ये पोचल्यावर सगळं हिशोबाला लागतं, आणि हिशोब तुमचा रोजचाच विषय आहे. आणि इंग्रजीत वाचताय तर रॉबिन बस यांचं भाषांतर घ्या, ते पूर्ण आहे, जुन्या इंग्रजी भाषांतरात बऱ्याच गोष्टी सभ्यपणाच्या नावाखाली कापल्यात.

कापाकापीवरून एक गोष्ट खास तुम्हाला सांगायची आहे, कारण तुम्ही ग्वाल्हेरचे. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो, पाणबुडीवाला, तो कोण होता माहितीये? पहिल्या पुस्तकात, म्हणजे 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मध्ये, त्याचं खरं नाव-गाव काहीच नाही, पण १८७४-७५ मध्ये आलेल्या 'मिस्टीरियस आयलंड'च्या शेवटी कळतं की तो प्रिन्स डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला, बायको-मुलं गमावलेला. बुंदेलखंड! तुमच्यापासून झाशी शंभर किलोमीटर, आणि तुमच्याच गावात फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी, जिच्यावरून तुम्ही रोज जात असाल. एका फ्रेंच माणसाने आपल्या सगळ्यात मोठ्या नायकाला तिथला केला. पण त्या काळात इंग्लंडमध्ये किंग्स्टन यांच्या नावाने जे भाषांतर निघालं त्यात नेमोची ही हकीकत बदलून टाकली, इंग्रज राज्याविरुद्धचं त्याचं बोलणं पार बोथट केलं, आणि तेच जुनं भाषांतर अजून स्वस्त छापील प्रतींमध्ये फिरतं. म्हणून व्हर्न घ्याल तेव्हा भाषांतर नवं आहे का बघा, जॉर्डन स्टंप किंवा सिडनी क्रॅविट्झ यांचं मिळालं तर उत्तम, दोन्ही २००१ ची. तुमच्या मित्रांना हे जरूर सांगा. छोट्या आणि जुन्या प्रतीत गोष्ट लहान होते एवढंच नाही, आपल्याकडचा माणूसच त्यातून गायब होतो. (आणि 'ऐंशी दिवसांत जगप्रवास'मध्ये गाडी बुऱ्हाणपूरला थांबते, तिथे नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता घेतो. मी इंदूरची, बुऱ्हाणपूर आमच्या वाटेवरचं, ते वाचताना इतका आनंद झाला की मी घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं.)

हे झाल्यावर मराठीतलं एक वाचा, गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. कादंबरी नाही, खरंच घडलेलं. वरसईचे विष्णुभट घरावरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ मध्ये निघाले, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञासाठी, आणि पोचले थेट बंडाच्या मध्यात, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले. पुस्तक छापलं गेलं १९०७ ला. भाषा सुरुवातीची दहा पानं जड जाईल, मग लागते. नेमो झाल्यावर लगेच हे घ्या, म्हणजे एकच बंड एकदा समुद्राखालून आणि एकदा भिक्षुकाच्या पायवाटेवरून बघितल्यासारखं होईल.

रोम संपलं की कळवा, अल्बर्टच्या आडनावाबद्दल काय वाटलं तेही लिहा.