कान खरा की काटा?

वाचकांचे प्रश्न : घरची ध्वनियंत्रणा

विश्रामबाग, सांगली : दुकानात एकाच स्पीकरवर दोन अँप्लिफायर ऐकले. एक बावीस हजारांचा, दुसरा छप्पन्न हजारांचा. महागड्याचा आवाज सरळसरळ मोकळा वाटला. मित्र म्हणतो, दोन्हींचे छापील आकडे सारखेच आहेत, फरक असूच शकत नाही. कोणाचं ऐकू?

ऐकताना दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला होता का? दुकानात हे सहसा कोणी करत नाही. दोन्हींचं बटण घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवलं म्हणजे आवाज सारखा झाला असं नाही. प्रत्येकाचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो ते, वेगळा असतो. त्यातून एखाद्या डेसिबेलचा फरक राहिला, तर तो कानाला ‘मोठा’ असा कळत नाही, ‘मोकळा’, ‘उठावदार’ असा कळतो. शिवाय आवाज वाढला की खर्जाची बाजू कानाला जास्तच भरलेली वाटते, हे ध्वनिशास्त्रज्ञ फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं आहे.

म्हणून घरून मल्टिमीटर घेऊन जा. फोनवर १०० हर्ट्झच्या सलग सुराची फाइल ठेवा. स्पीकर जोडलेले असतानाच मीटर एसी व्होल्टवर घेऊन टोकं स्पीकरच्या टर्मिनलला लावा. दोन टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. पहिल्या अँप्लिफायरवर १ व्होल्ट आणा, दुसऱ्यावरही तेवढाच. दोन आकड्यांत एक टक्क्यापेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे फरक ०.१ डेसिबेलच्या आत राहतो. सूर १०० हर्ट्झचाच घ्या, कारण स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात.

मग तुम्ही यंत्रांकडे पाठ करून बसा. मित्राने नाणं उडवून कोणता अँप्लिफायर लावायचा ते ठरवावं आणि कागदावर लिहून ठेवावं, तोंडाने काही बोलू नये. गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा सोळा वेळा ऐका. बारा वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरा मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त जुळण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. डोळ्यांचा प्रभाव किती असतो हे ध्वनितज्ज्ञ शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी १९९४ मध्ये स्पीकरच्या बाबतीत दाखवलं : त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर दिसत असताना आणि दिसत नसताना वेगवेगळे गुण दिले.

ओळखता आलं नाही, तर स्वस्त घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. फक्त त्याआधी माहितीपत्रकात ४ ओहमवरची (ओहम हे स्पीकरच्या वीजरोधाचं माप) ताकद दिली आहे का ते बघा. ती दिलेलीच नसेल आणि तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील, तर मोठ्या आवाजात फरक निघेल, आणि तो मीटरलाही दिसेल, कानालाही.

मिरज : घरात तंबोरा आहे, त्यामुळे तो कसा वाजतो ते पक्कं ठाऊक आहे. पण ध्वनिमुद्रणातला काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) तंबोरा आमच्या खोलीत (१६ × १० फूट, उंची १० फूट) घुमतो, खर्ज सुटतच नाही. फोनवरचं मोजमापाचं ॲप मात्र सगळं ठीक दाखवतं. स्पीकर भिंतीला लागून आहेत, समोरच्या भिंतीला टेकून कोच आहे. स्पीकर बदलू का?

स्पीकर बदलू नका. इथे तुमचा कान बरोबर आहे, कारण त्याच्याजवळ ताडून बघायला खरा तंबोरा आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; तिथले कारागीर जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घासण) कानानेच काढतात आणि त्यांना मीटर लागत नाही, तेही याच कारणाने : काय ऐकू यायला हवं ते त्यांना आधीच माहीत असतं. फोनचा माइक बोलण्यासाठी बसवलेला असतो. तो खालचे सूर मुळात कमी घेतो आणि आवाज आपोआप वर-खाली करतो.

आता खोलीचा हिशेब. २५ अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. खोलीची लांबी ४.८८ मीटर, तिची दुप्पट ९.७६. भागाकार ३५ हर्ट्झ येतो, हा लांबीचा पहिला अनुनाद, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो. दुसरा त्याच्या दुप्पट, ७१. काळी एकचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणून खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. खोली नेमकी त्याच तारेला साथ देते आहे. खऱ्या तंबोऱ्यात तो मूळ स्वर तसा क्षीणच असतो, जवारीमुळे वरचे स्वर फुलतात. पण जवळ माइक लावून केलेल्या मुद्रणात आणि भिंतीशेजारच्या स्पीकरमधून तो फुगतो. कोच मागच्या भिंतीला टेकलेला, आणि भिंतीपाशी प्रत्येक अनुनाद सर्वांत जोरात असतो. (रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट असल्यामुळे ५७ हर्ट्झलाही दोन अनुनाद एकावर एक बसले आहेत. तबल्याचा डग्गा कधी कधी धपकतो का ते बघा.)

उपाय क्रमाने करा, आणि पहिला फुकटचा आहे. कोच मागच्या भिंतीपासून पुढे सरकवा, इतका की डोकं भिंतीपासून तीन फुटांवर येईल. ७१ हर्ट्झचा जोर तिथे भिंतीपेक्षा सुमारे ८ डेसिबेल कमी असतो. बरोबर चार फुटांवर, म्हणजे लांबीच्या चौथाईवर, तो जवळजवळ शून्य होतो आणि खर्ज गायबच होतो, तेही नको. स्पीकरही तसेच तीनेक फूट पुढे घ्या. खोलीच्या मधोमध बसू नका, ७१ तिथे पुन्हा पूर्ण जोरात येतो.

प्रत्येक जागी ७० हर्ट्झचा सलग सूर लावून ऐका. फोन इथे थोडा उपयोगी पडतो : आपोआप आवाज सावरण्याची सोय बंद करता आली, तर तोच फोन, तोच सूर, दोन जागा एवढीच तुलना चालते. त्याच्या आकड्याला स्वतंत्र अर्थ मात्र देऊ नका.

एवढ्याने भागलं नाही तर मोजा. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा यूएसबी माइक स्वतःच्या कॅलिब्रेशन फाइलसह येतो आणि रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइक कानाच्या उंचीवर ठेवून २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्या, आलेख गुळगुळीत करण्याची सोय बंद ठेवा. ७० च्या आसपास उंचवटा दिसला तर इक्वलायझरमध्ये तिथे ५ डेसिबेल कमी करा, क्यू (कपातीचा पट्टा किती अरुंद ते) ५ ठेवा. खड्डा दिसला तर तो भरायला जाऊ नका. तिथे लाटा एकमेकींना मारत असतात, कितीही ताकद ओतली तरी ती वाया जाते आणि वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) तेवढा दमतो.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा जाड पडदे लावू नका. ७१ हर्ट्झच्या लाटेची चौथाई चार फूट भरते. इंच-दोन इंच जाडीचं त्यापुढे काही चालत नाही. वरचे सूर तेवढे शोषले जातात आणि घुमणं आणखी उघडं पडतं. आणखी एक : १९२५ च्या आधीची, भोंग्यात गाऊन केलेली मुद्रणं खर्ज पारखायला वापरू नका. तो त्यांत उतरलेलाच नसतो.

सातारा : स्पीकरसाठी मीटरला दोन हजारांची वायर सुचवली आहे. घ्यावी का?

नाही. लवचीक तांब्याची अडीच एमएमची वायर घ्या. तिचा रोध मीटरला ०.००८ ओहम, पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.०८ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर ०.१ डेसिबेलचाही फरक पडत नाही. अर्ध्या एमएमच्या बारीक वायरीत मात्र तोच रोध ०.३९ ओहम होतो, आणि स्पीकर काही सुरांवर ४ ओहमपर्यंत उतरत असेल तर तिथे ०.८ डेसिबेल कमी होतात. घेताना वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे, रोध दीडपटीच्या वर.

कराड : साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्विटर (वरच्या सुरांचा) घेऊन स्पीकर बनवतो आहे, क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारं मंडळ) २५०० हर्ट्झला. तो कानाने जुळवता येईल का?

शेवटचा एक डेसिबेल कानाने जुळवा. त्याआधीचं सगळं मोजून.

क्रॉसओव्हरचे कॉइल आणि कंडेन्सर एलसीआर मीटरवर (त्यांचं मूल्य मोजणाऱ्या) तपासून घ्या. बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर छापील किमतीपेक्षा दहा टक्के इकडे-तिकडे निघणं रोजचंच, त्यामुळे डाव्या-उजव्या स्पीकरसाठी जोड्या निवडा. वूफर ८ ओहमचा असेल तर मल्टिमीटर सहाच्या आसपास दाखवेल, घाबरू नका. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावल्यावर कोन बाहेर आला, तर सेलचं प्लस ज्या टोकाला आहे ते वूफरचं प्लस. ट्विटरला हा प्रयोग करू नका. दोन कॉइल शेजारी-शेजारी सपाट बसवू नका, एक आडवी असेल तर दुसरी उभी ठेवा, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.

मोजमाप गच्चीवर करा, पहाटे, वारा नसताना. गणपतीचे दहा दिवस सोडून. स्पीकर आणि माइक जमिनीपासून दोन मीटर उंच, एकमेकांपासून एक मीटर, कठड्यापासून शक्य तितके लांब. जमिनीवरून उसळलेला आवाज तेव्हा ९ मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. त्याच्या आधीचा भाग तेवढा ठेवला की ११० हर्ट्झच्या वरचा आलेख खोलीविना मिळतो. घरात १.२ मीटर उंचीवर हीच मर्यादा २१५ हर्ट्झवर जाते.

आता ट्विटरच्या दोन तारा मुद्दाम उलट्या जोडून पुन्हा मोजा. २५०० ला खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा पडला पाहिजे. नुसता ओरखडा उमटला, तर सरळ जोडणीतही दोघे एकत्र चालत नाहीत. खड्डा सरकला असेल तर क्रॉसओव्हर भलतीकडे बसला आहे. कानाने ही चूक सापडायला महिने जातात, आलेखात लगेच दिसते.

एवढं जमलं की ट्विटरच्या मालिकेतला रेझिस्टर अर्ध्या-एक ओहमने बदलत ऐका. बातम्या वाचणारा पुरुषी आवाज यासाठी गाण्यापेक्षा बरा. ‘स’ आणि ‘श’ टोचू लागले तर ट्विटर जास्त आहे. एक रेझिस्टर लावून निदान आठवडाभर ऐका, मगच दुसरा.

तासगाव : टीव्हीची वायर अँप्लिफायरला जोडली की गुणगुण सुरू होते.

टीव्हीला मागून जोडलेली केबलची किंवा डिशची वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचं वेटोळं (दोन वाटांनी अर्थिंग जोडलं जाऊन बनणारं मंडळ) तिथून होतं आहे; टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्या मधल्या सिग्नल वायरीत ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. सगळी यंत्रं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा. प्लगची तिसरी पिन कापून गुणगुण घालवणारे भेटतील, त्यांना यंत्राला हात लावू देऊ नका. आत बिघाड झाला तर वीज पत्र्यावर येते. इनपुटच्या सगळ्या वायरी काढूनही आवाज येतच असेल, तर दोष अँप्लिफायरच्या आतला आहे. १०० हर्ट्झची खरखरीत गुणगुण असेल तर दुरुस्तीवाल्याला आधी पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर तपासायला सांगा.