‘पडदा’ हा शब्द अडला तर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. ‘काका, मी अडखळते, मला रंगमंच व्यवस्था कोण देईल?’ देतील गं. पण आधी माझी एक चूक ऐक, कारण तीच तुझ्याकडून होईल अशी मला धास्ती वाटते.

मलाही लहानपणापासून ‘प’ अडतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत रंगमंच व्यवस्था माझ्याकडे होती, म्हणजे पडद्याचे आणि दिव्यांचे इशारे द्यायला मी विंगेत होतो. शेवटचं वाक्य यायच्या आधी ‘पडदा, तयार’ एवढंच म्हणायचं होतं. ओठ मिटले ते मिटलेच. घाबरून मी ‘चला, चला’ म्हणालो. दिवे कमीजास्त करणाऱ्या डिमरवरच्या पोराला वाटलं, ब्लॅकआउटच मागितला. नाटकाचं शेवटचं वाक्य अंधारात गेलं. त्या नटीने तीन महिने तालीम केली होती. तिच्याकडे बघायची हिंमत मला दोन दिवस झाली नाही.

ते अडखळण्यामुळे झालं नाही, शब्द बदलल्यामुळे झालं. आपल्याला ती सवयच असते. अडणारा शब्द लांबून दिसतो आणि आपण दुसरा पुढे करतो. घरात, दुकानात ते खपतं. विंगेत नाही. तिथे ‘लाइट सात’, म्हणजे दिव्यांचा सातवा बदल, म्हटलं की सातच. तुझ्या तोंडून शब्द उशिरा आला तर चालेल, दुसरा आला तर घात होईल.

म्हणून शब्दावरचा भारच कमी कर. मोठ्या नाट्यगृहांत क्यूसाठी, म्हणजे ‘आता कर’ या इशाऱ्यासाठी, दिवे वापरतात : लाल लागला की तयार राहायचं, हिरवा लागला की करायचं. नव्या पेठेतून दोन छोटे दिवे, दोन खटके आणि पुरेशी वायर आणली की झालं. मी अशीच पेटी केली होती, दिव्यांवर काळी पट्टी चिकटवून, म्हणजे उजेड प्रेक्षकांत जाणार नाही. दिवे नसतील तर हात : वर केला की तयार, खाली आणला की करा. फक्त ज्याला क्यू द्यायचा त्याची नजर तुझ्या हातावर आहे ना, ते आधी बघ.

आणि यात तुझ्यासाठी वेगळी सवलत केली असं कुणी म्हणू नये. आपल्या सोलापुरात सेट लावताना एक जण तेलुगूत ओरडतो, दुसरा कानडीत उत्तर देतो, तिसरा हिंदीत भांडतो. खाली आलेला हात तिघांनाही एकदमच कळतो.

पहिल्या तालमीलाच सगळ्यांना सांगून टाक : ‘मी अडखळते. माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा.’ हे सांगताना अडशीलच. अडू दे. मी वर्षानुवर्षं लपवलं, आणि निम्मी ताकद त्यातच गेली. कुणी घाई केली की अडणं वाढतं, हे तुला मी काय सांगायचं? म्हणून घाईची वेळच येऊ देऊ नकोस. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखून ठेव. चष्मा कुठे, पत्र कुठे, हे कुणी विचारायलाच नको.

स्पीच थेरपिस्टकडे जरूर जा. पण ‘आधी बोलणं सुधारते, मग नाटकात येते’ असं मात्र ठरवू नकोस. विंगेत कुजबुजत बोलावं लागतं, आणि कुजबुजताना आपल्यातल्या बऱ्याच जणांचं अडणं कमी होतं. माझंही होतं. तरी त्याच्या भरवशावर राहू नये, दिवे हवेतच.

तिसऱ्या घंटेनंतरची घोषणा पहिल्या प्रयोगाला दुसऱ्या कुणाला दे. पुढे कधीतरी तू कर, असं मला मनापासून वाटतं, पण ते तुझं तू ठरव.

रविवारी सकाळी नऊला हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी ये. संहिता आण, एका बाजूला कोरं पान असलेली. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर आण. रंगीत तालमीपर्यंत क्यू बदलतच राहतात. मी पेटी घेऊन येतो.

तुझा,
काका