512 जीबीच्या एसएसडीचे पार्टिशन पाडावे का? दुकानदार 300 रुपयांत करून देतो म्हणतोय, डेटा सेफ राहतो म्हणे.

नका पाडू, म्हणजे एकाच डिस्कचे सी, डी असे तुकडे करू नका. त्या 300 रुपयांची घरच्यांना मिसळ खायला घाला आणि आहे तो एकच सी ड्राइव्ह राहू द्या. (विंडोजमध्ये 512 ची 476 दिसेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.)

पण "डेटा सेफ राहतो" हे वाचून डोकं फिरलं. हेच वाक्य मी 2009 पासून आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय.

तेव्हा घरी विंडोज एक्सपी होतं, 160 जीबीची हार्ड डिस्क. दाजींनी स्वतः बसून चार ड्राइव्ह पाडले. सीमध्ये विंडोज, डीमध्ये सॉफ्टवेअर, ईमध्ये पिक्चर आणि एफला नाव दिलं 'इम्पॉर्टंट'. त्यात ताईच्या लग्नाचे, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो. मी एकदा म्हणालो, दाजी, डीव्हीडी मारून ठेवूया का, तर म्हणे "अरे एफला आहेत ना, विंडोज उडालं तरी एफला काही होत नाही." बरोबर आहे, विंडोज उडालं तर नाही होत. पण पावसाळ्यात डिस्क टक टक करायला लागली, मधेच माउस अडकायचा, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी काळी स्क्रीन, डिस्कच दिसेना. चारही ड्राइव्ह एकाच मोटारीवर फिरत होते ओ, सी गेला तसा एफ पण गेला. रिकव्हरीवाल्याने 12 हजार सांगितले, बाबा म्हणाले राहू दे. आजीचे त्या दिवसाचे तीनच फोटो उरले, ते पण आधीच धुऊन आणले होते म्हणून, आणि त्यातल्या एकात तिने डोळे मिटलेत.

दाजी अजून म्हणतात डिस्क खराब निघाली, पार्टिशनचा काय दोष. दोष हाच की एफ होता म्हणून कोणी बॅकअप घेतला नाही.

आता त्या काळी पार्टिशनला अर्थ होता हे मान्य. सुरुवातीच्या विंडोज 95 मध्ये तर 2 जीबीच्या वर ड्राइव्हच होत नव्हता, आणि एक्सपी वर्षा-दोन वर्षांत रडायला लागायचं मग सी फॉरमॅट मारला की बाकीचं वाचायचं. हार्ड डिस्कच्या तबकडीची बाहेरची कड वेगात वाचली जाते, सी पहिला असल्यामुळे तिथे यायचा, तोही फायदा. एसएसडीत तबकडीच नाही. आतला कंट्रोलर डेटा हवा त्या चिपवर टाकतो, सी आणि डीमधली रेघ फक्त विंडोजला दिसते.

गेल्या दिवाळीत दाजी लॅपटॉप घेऊन आले, अपडेट होत नाही म्हणून. बघतो तर सी 100 जीबी, पट्टी लाल. डी साधारण 370, त्यात 26 जीबी भरलेले. कारण डेस्कटॉप, डाउनलोड्स सगळं सीमध्येच असतं आणि दाजी सगळं डेस्कटॉपवर ठेवतात. सी वाढवायला गेलो तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबताच येईना, कारण रिकामी जागा सीला लागून लगेच उजवीकडे लागते आणि तिथे डी बसलेला. शेवटी 26 जीबी पेनड्राइव्हवर काढून डी उडवला. दाजींनी काही न बोलता चहा मागितला.

हां, लिनक्स पण टाकायचं असेल तर वेगळं पार्टिशन लागेलच. सारखं सारखं फॉरमॅट मारत असाल तरी डीचा उपयोग आहे. आणि पाडायचंच ठरवलं तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा नंबर, आधी कागदावर लिहून घ्या. नाहीतर एक एक्स्टर्नल डिस्क घ्या, फोटो त्यात पण ठेवा आणि लॅपटॉपमध्ये पण.

दाजींनी घेतली परवा, 1 टीबीची. तिचे दोन पार्टिशन पाडलेत. एक 'फोटो', दुसरं 'फोटो बॅकअप'.