पिच्चर कधी आला, कधी गेला?

या वेळी बहुतेक पत्रं चित्रपटगृहांबद्दलची आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून आलेल्या पत्रांची तक्रार एकच: मराठी पिच्चर लागत नाही, आणि लागला तर टिकत नाही. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

कोल्हापुरात त्याच पिच्चरचे दिवसाला आठ-दहा खेळ, आणि बेळगावात एकच, तोही सकाळी पावणेदहाला. नोकरीवाल्यांनी बघायचा कधी? सरकार अडवतंय म्हणावं तर तसा कागद कुठं दिसत नाही. मग अडतंय कुठं?
— नोकरदार, टिळकवाडी

कागद दिसत नाही, कारण तसा कागदच नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र देशभर चालतं, आणि मराठी पिच्चर बेळगावात लावायला वेगळी परवानगी लागत नाही. उलट, सिनेमाच्या धंद्याच्या नकाशात बेळगाव अजून मुंबई टेरिटरीत, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात मोडतं. १९५६ साली राज्यांच्या हद्दी बदलल्या, पण वितरकांनी जुन्या मुंबई इलाख्याची आखणी ठेवली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हा पट्टा मुंबईकडे राहिला आणि बिदर-गुलबर्गा निजाम टेरिटरीत. त्यामुळे महाराष्ट्राचे हक्क घेणाऱ्या वितरकाकडे बहुधा आपला भागही आपोआप जातो. आपोआप आलेल्या वस्तूकडे माणूस जेवढं लक्ष देतो, तेवढंच इकडे दिलं जातं. पोस्टर, जाहिरात, कलाकारांचा दौरा हे सगळं कोल्हापूरपर्यंत येतं आणि राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडेच थांबतं.

पुढचा अडसर पैशाचा. तिकीट करासकट १५० रुपये धरा आणि खेळाला २० माणसं. गल्ला ३,००० रुपये झाला. त्यातून १८ टक्क्यांप्रमाणे साधारण ४५८ रुपये जीएसटी गेला, उरले २,५४२. पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा निम्मा धरला तर त्याला १,२७१ रुपये मिळतात, आणि डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं त्यातूनच भरायचं असतं. थेटरवाल्याच्या १,२७१ मध्ये वीज, एसी, माणसं. त्याच पडद्यावर मोठा हिंदी किंवा कन्नड पिच्चर १५० माणसं आणत असेल तर मालक कुठल्या भाषेचा आहे हा प्रश्नच उरत नाही.

आता उपायाचं. पिच्चरचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. कुठल्या पडद्यावर किती खेळ, हे आधीच्या सोमवार ते बुधवारात ठरतं. मल्टिप्लेक्सच्या साखळीत हा निर्णय इथल्या मॅनेजरच्या हातात नसतो, मुख्य कचेरीतला प्रोग्रॅमिंग विभाग तो घेतो. म्हणून शुक्रवारी तिकीटखिडकीवरच्या पोराशी हुज्जत घालून काही निघत नाही. पोस्टरच्या तळाशी वितरकाचं नाव असतं. त्याच्या कचेरीला आणि निर्मात्याच्या समाजमाध्यमांवरच्या पानावर आदल्या शनिवार-रविवारीच कळवा. नुसतं ‘बेळगावातही लावा’ लिहू नका. ‘शनिवारी संध्याकाळी सहानंतरचा एक खेळ द्या, आमच्या दोन सोसायट्यांतून साठ तिकिटं जातील’ असं लिहा. आकडा दिसला की वितरकाला थेटरशी बोलायला काहीतरी हातात येतं.

रविवारी गर्दी असेल म्हणून सोमवारी गेलो, तर पिच्चर उतरलेला. तीन दिवसांत काय कळतं हो?
— व्यापारी, निपाणी

दुर्दैवानं त्यांना पुरेसं कळतं. रविवार रात्रीचा आकडा आणि सोमवारच्या दुपारच्या खेळाचा आकडा शेजारी ठेवून थेटरवाला ठरवतो. सोमवारी पडझड फार झाली तर खेळ लगेच कापतात आणि उरलेले शुक्रवारी जातात. मल्टिप्लेक्समध्ये आणखी एक मेख आहे. वितरकाचा वाटा दर आठवड्याला घटतो. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात २००९ साली हिंदी चित्रपटांसाठी झालेल्या तडजोडीनुसार तो ५०, ४२.५, ३७.५ आणि मग ३० टक्के असा आहे. मराठीचे करार कमी-जास्त होतात, खरं उतरण तशीच. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात प्रेक्षक आला तर थेटरवाल्यालाच जास्त सुटतात. पण तिथवर टिकायला पहिले तीन दिवस काढावे लागतात. ‘लोकांकडून ऐकून मग जाऊ’ ही आपल्याकडची सवय गाजलेल्या पिच्चरला परवडते. लहान पिच्चरला ती बाधते, हे स्पष्ट सांगतो.

ॲपवर खेळ दिसला नाही म्हणून पिच्चर नाही असंही धरू नका. तालुक्याच्या गावची कितीतरी एकपडदा थेटरं खिडकीवरच तिकीट विकतात. ॲपमध्ये शहर बेळगाव निवडून भाषेचा फिल्टर मराठी ठेवा आणि बुधवारी रात्री पुन्हा बघा. त्याआधी यादी अर्धवट असते.

शनिवारी आमचा खेळ हाऊसफुल्ल, शंभर माणसं परत गेली. शेजारच्या मोठ्या पडद्यावर त्याच वेळी दहा माणसं. अदलाबदल करायला काय जातंय?
— कॉलेज विद्यार्थी, बेळगाव

जाते ती किल्ली. आता पिच्चर रिळांत येत नाही. हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून कुलूपबंद फायली येतात. दोन तासांच्या पिच्चरचा हा ऐवज शंभर ते दोनशे जीबीच्या घरात जातो, आणि प्रोजेक्टरच्या सर्व्हरवर तो उतरवायलाच दोनेक तास लागू शकतात. तो उघडायला केडीएम नावाची डिजिटल किल्ली लागते. ही किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेपुरती बनते. दोन नंबरच्या पडद्याची किल्ली एक नंबरला चालत नाही. हव्या त्या पडद्यासाठी आधी मागवून ठेवली असेल तरच बदल होतो, नाहीतर वितरकाकडून नवी येईपर्यंत थांबावं लागतं. शनिवारी संध्याकाळी ती पटकन मिळेल याची खात्री नसते.

‘तांत्रिक अडचणीमुळे खेळ रद्द’ या पाटीमागेही पुष्कळदा हेच असतं. किल्लीची मुदत सुरूच झालेली नसते, किंवा दुरुस्तीत सर्व्हरचा भाग बदललेला असतो आणि नवा क्रमांक कुणी कळवलेला नसतो. अशा वेळी पुढच्या खेळाचं आश्वासन घेऊन घरी जाऊ नका, पैसे परत मागा.

आमच्या मंडळाचे दोनशे लोक आहेत. एखादा मराठी पिच्चर सगळ्यांनी मिळून बघायचा आहे. कुणाला भेटायचं, किती खर्च, काय काळजी घ्यायची?
— महिला मंडळ, खानापूर

हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, आणि आपल्या भागात फार कमी वापरलेला. थेटरला पूर्ण खेळाची रक्कम आधी दिली तर त्याची जोखीम संपते. मग भाषा, कलाकार, परीक्षण यांपैकी कशावरही तो अडून बसत नाही.

आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. आधी थेटरच्या मॅनेजरला भेटून तीन गोष्टी विचारा: खुर्च्या किती, प्रक्षेपण कुणाच्या यंत्रणेवर (क्यूब, यूएफओ वगैरे), आणि सकाळी नऊचा खेळ देता का. तेवढ्या सकाळी पडदा बहुधा रिकामा असतो आणि मालकाचा ठरलेला एकही खेळ हलत नाही. पिच्चर १४० मिनिटांचा, मध्यंतर पंधरा, जाहिराती दहा, झाडलोट वीस, म्हणजे नऊला सुरू केलेला खेळ बाराच्या आत-बाहेर आटोपतो. पिच्चर त्या थेटरला आधीच चालू असेल तर काम सोपं. नसेल तर वितरकाकडून होकार आणि किल्ली दोन्ही लागतील. खेळाच्या आदल्या संध्याकाळी ‘किल्ली आली का, लावून बघितली का’ एवढा एक फोन जरूर करा. ऐनवेळी फजिती होते ती इथंच.

दर ठरवताना एक मर्म लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर सोडून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. शंभरचं तिकीट १०५ ला पडतं, एकशे दहाचं १२९ रुपये ८० पैशांना. थेटरला दहा रुपये जास्त देण्यासाठी तुम्ही जवळपास पंचवीस मोजता. दोनशे तिकिटांवर हा फरक ४,९६० रुपयांचा होतो. तेव्हा मॅनेजर एकशे दहावर अडला तर ‘दर शंभरच ठेवा, वरचा समोसा-चहा तुमच्याच कँटीनमधून घेऊ’ असं बोला. बहुतेक ठिकाणी जमतं.

आगाऊ रकमेची पावती घ्या. तीवर तारीख, वेळ, पडदा आणि पिच्चरचं नाव असू द्या, आणि खेळ न झाल्यास पूर्ण परतावा हेही लिहून घ्या. पैसे सगळ्यांकडून आधी गोळा करा. नुसत्या होकारावर दोनशे धरले तर त्या सकाळी खुर्च्या रिकाम्या दिसतील आणि वर्गणीचा खड्डा पदाधिकाऱ्यांच्या पदरी येईल. मुलं असतील तर प्रमाणपत्र बघा. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्यांना आईबाप सोबत असले तरी प्रवेश नाही. यूए ७+, १३+, १६+ या वर्गात पालकांनी ठरवायचं असतं. खानापूरहून बेळगाव सव्वीसएक किलोमीटर. परिवहनच्या बसगाड्या करारानं मिळतात, दोनशे जणांना चार धराव्या लागतील. हा खर्च तिकिटात मिसळू नका, वेगळा सांगा.

‘दशावतार’ बघितला. पिच्चर चांगला, खरं रात्रीचे प्रसंग इतके काळपट की माणूस कोण ते कळेना. संवादही दबलेले. दोष पिच्चरचा की थेटरचा?
— निवृत्त शिक्षक, शहापूर

तुम्ही कुठल्या थेटरात बघितला हे लिहिलं नाहीत, ते बरंच केलंत. पण लक्षणं थेटरची वाटतात. पडद्यावरच्या उजेडाचं मान्य माप १४ फूट-लँबर्ट आहे. झेनॉन दिवा जुना होतो तसा उजेड हळूहळू उतरतो, आणि मालक मुदतीनंतरही तो ओढत राहतो. रोज बघणाऱ्या ऑपरेटरला हे जाणवत नाही. प्रक्षेपण खोलीच्या काचेवर धूळ असते, किंवा थ्रीडीची काच लेन्सपुढून काढायची राहून जाते. मग दिवसाचे प्रसंग चालून जातात आणि रात्रीचं जंगल काळ्या पडद्यात बुडतं. ओळखायची खूण सोपी आहे. पांढरी अक्षरं येतात तेव्हा बघा. ती पिवळट-राखाडी असतील, किंवा मधे उजळ आणि कडेला मळकी असतील, तर दोष पिच्चरचा नाही.

आवाजाचं कारण तर हास्यास्पद आहे. जाहिराती कर्कश असतात, लोक ओरडतात, ऑपरेटर आवाज उतरवतो आणि पिच्चर सुरू झाल्यावर चढवायला विसरतो. आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर, म्हणजे फेडरवर, ७ हा प्रमाण आकडा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो ४-५ वरच राहतो. संगीत दणदणीत आणि फक्त बोलणं दबलेलं असेल तर मात्र पडद्यामागचा मधला स्पीकर तपासायला हवा, कारण संवाद मुख्यतः त्यातून येतात. तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करा. ‘आवाज नीट करा’ म्हणण्यापेक्षा ‘फेडर कितीवर आहे?’ विचारलं की समोरचा सावध होतो.

१२ सप्टेंबर २०२५ ला एकाच शुक्रवारी तीन मराठी पिच्चर! पुण्यात ठीक, आमच्याकडे पडदे किती? असं का करतात?
— वाचक, चिकोडी

तक्रार अगदी रास्त. ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ एकाच दिवशी आले, आणि त्याच शुक्रवारी तेलुगू ‘मिराई’सुद्धा. पितृपक्ष चालू होता, पुढं दसऱ्याला २ ऑक्टोबरला ‘कांतारा: चॅप्टर १’ ठरलेला. त्याच्यापुढं कर्नाटकात पडदे मिळणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मधली फट सगळ्यांनी एकदमच गाठली. निर्माते तारीख मुंबई-पुण्याचे पडदे मोजून धरतात, चिकोडीचे कुणी मोजत नाही. अशा आठवड्यात आपल्या वाट्याला तिन्हींतला एखादाच येतो, म्हणून गटानं आधीच ठरवून एकाचीच मागणी करावी. तिन्ही मागितले तर एकही धड मिळत नाही.

महाराष्ट्रात मराठीला प्राइम टाइम सक्तीचा आहे ना? इथं तो नियम दाखवता येईल का?
— अथणी

नाही. २०१५ चा तो निर्णय महाराष्ट्र सरकारचा आणि तिथल्या मल्टिप्लेक्सपुरता.

दोनशेच्या वर तिकीट नाही असं कर्नाटकानं ठरवलं होतं. तरी जास्त घेतात.
— बेळगाव

१२ सप्टेंबर २०२५ ला तशी अधिसूचना निघाली होती: कर सोडून कमाल २००, पंचाहत्तर किंवा कमी खुर्च्यांच्या महागड्या पडद्यांना सूट. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयानं तिला अंतरिम स्थगिती दिली. तेव्हा खिडकीवर अधिसूचनेचा फोटो दाखवून वाद घालू नका.

गणपतीत मंडपात प्रोजेक्टर लावून ओटीटीवरचा मराठी पिच्चर दाखवला तर? तिकीट घेणार नाही.
— युवक मंडळ, येळ्ळूर

फुकट दाखवलात तरी ते जाहीर प्रदर्शनच. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते, त्यामुळे निर्मात्याची लेखी परवानगी हवी. शिवाय जाहीर प्रदर्शनाला कर्नाटक सिनेमा नियमन कायदा, १९६४ लागू होतो आणि परवान्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. लहान निर्माते जुन्या पिच्चरला परवानगी माफक रकमेत देतातही, मात्र पत्रात तारीख, जागा आणि एकच खेळ असल्याचा उल्लेख हवा. ते पत्र हातात आल्यावर मंडपाच्या परवानगीच्या वेळीच पोलीस ठाण्यात आणि तहसीलदार कचेरीत विषय काढा, पंधरा दिवस आधी.

सूनबाई धारवाडकडची. मराठी समजतं, पण भरभर बोललं की अडतं. कन्नड अक्षरं खाली येतील असा पिच्चर मिळेल का?
— गृहिणी, वडगाव

कन्नड उपशीर्षकं मराठी पिच्चरला थेटरात क्वचितच असतात. इंग्रजी मात्र पुष्कळांना असतात. तिकीट काढताना ॲपवर भाषेपुढं तसा उल्लेख आहे का बघा, नसेल तर खिडकीवर विचारा. उपशीर्षकं पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढच्यांच्या डोक्यांआड जातात, म्हणून मधल्या रांगेच्या मागची, वाटेच्या कडेची जागा घ्या.