चार घरांतला 'ॲना' आणि आपला आणा

प्रश्न असा आहे: इंग्रजी शब्दकोड्यात 'जुनं भारतीय नाणं, चार अक्षरं' याचं उत्तर 'ॲना' (ए-एन-एन-ए) आलं, पुढे दुसऱ्या एका कोड्यात 'सयामच्या राजवाड्यातली शिक्षिका' याचंही तेच. हा आपला आणाच का? मग त्यात दोन 'एन' कशाला?

नाण्याचा तो आपलाच. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा इंग्रजीत शिरलेल्या भारतीय शब्दांचा कोश (१८८६) खरं रूप 'आना' असंच देतो, तरी इंग्रजीत दुहेरी एन रुळला तो रुळलाच. कोडी रचणाऱ्यांचं त्यात फावलं. सुरुवात स्वराने, शेवट स्वराने, उलट वाचलं तरी तेच; कोपरा अडला की द्या बसवून. म्हणून आणा कधी डोळ्यांनी न पाहिलेले परदेशी कोडेबहाद्दरही हा शब्द बिनदिक्कत लिहितात.

सूत्रातलं 'नाणं' मात्र मला जरा खटकतं. त्याच कोशात म्हटलंय की एक आण्याचं नाणंच नाही, आणा हिशेबापुरता. कंगोरेदार एक आणा आला तो विसाव्या शतकात. आणा म्हणजे मुळात सोळावा हिस्सा, मग तो रुपयाचा असो, जमिनीचा असो की भागीदारीतल्या धंद्याचा. 'सोळा आणे खरं' म्हणतो ते त्यातूनच. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले, आणे हिशेबातून गेले, पण पिकाची आणेवारी गावाकडे अजून ऐकू येते. सरकारी कागदावर ती आता पैसेवारी.

कोशात आणखी एक वापर नोंदलाय, तो ओंगळ आहे. मिश्र वंशाच्या माणसाबद्दल साहेबलोक म्हणत, याच्या अंगात निदान दोन आणे काळं रक्त आहे.

आता ती शिक्षिका. ॲना लिओनोवेन्सच्या नावाचा नाण्याशी संबंध नाही, ते हिब्रू 'हॅना'वरून आलेलं. पण बाई १८६२ मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, मोंगकुट राजाच्या दरबारी गेली आणि आपला जन्म वेल्समधला असं सांगत राहिली. चरित्रकारांनी पुढे कागदपत्रं धुंडाळली तेव्हा निघालं, जन्म १८३१ चा, अहमदनगरचा, लग्न पुण्यात. आजी बहुधा अँग्लो-इंडियन. रक्त आण्यांत मोजणाऱ्या लोकांत वावरायचं तर वेल्स सोयीचंच!

एक व्यवहाराची गोष्ट. 'जुनं भारतीय नाणं' आणि चार घरं दिसली की लगेच पेनाने 'ॲना' लिहून टाकू नका. 'पाइस', म्हणजे पाव आणा, हाही इंग्रजीत पी-आय-सी-ई असा चारच अक्षरांचा. आधी आडव्याला छेदणारा उभा शब्द सोडवा आणि दुसऱ्या घरात एन येतो की आय, ते बघा.