कुणी पाहिलंच नाही, तर खून शाबीत कसा?

प्रश्न : माझ्या भाच्याला खुनाच्या केसमध्ये दोन नंबरचा आरोपी केलंय. त्या रात्री तो भांडुपला घरीच होता, हे पोलिसही मानतात. पुरावा काय, तर मुख्य आरोपीला केलेले फोन. वकील म्हणतात, कटाचं कलम आहे, जड जाईल. नुसत्या फोनवर जन्मठेप होते का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नुसत्या फोनवर नाही. पण ‘घरीच होता’ यावर फार विसंबू नका. कटात संगनमत हाच गुन्हा असतो. घरी बसूनही तो होतो. पूर्वीच्या दंड संहितेत हे कलम 120-ब होतं. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 61 लागतं.

आणि ‘कुणी पाहिलं नाही’ म्हणाल, तर डॉ. अनंत लागूचा खटला बघा. नोव्हेंबर 1956 मध्ये हा पुण्याचा डॉक्टर आपल्या पेशंट असलेल्या विधवा बाईंना घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला. सकाळी बाई बेशुद्ध, जी. टी. हॉस्पिटलात दाखल, दुपार व्हायच्या आत गेल्या. तपासणीत विष सापडलं नाही. तरी सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, ती त्याच्या वागण्यावरून. हॉस्पिटलात बाईंचं नाव खोटं सांगितलं, नातेवाइकांना कळवलं नाही, प्रेत बेवारस राहू दिलं. वर त्या हयात असल्याची बनावट पत्रं धाडून त्यांची मालमत्ता लाटली. (तिघांपैकी एका न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं. सरकारी वकील ते सहसा सांगत नाहीत.)

उलट टोक म्हणजे पुण्याचाच शरद सारडा खटला. हायकोर्टापर्यंत फाशी कायम, 1984 मध्ये सुप्रीम कोर्टातून निर्दोष. तिथे घालून दिलेली पाच सूत्रं आम्ही फौजदारीवाले ‘पंचशील’ म्हणतो. मथितार्थ एवढाच : परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीतली प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे शाबीत हवी, आणि सगळ्या मिळून निर्दोषपणाला वाव उरता कामा नये. आरोपी खोटं बोलला, तरी तुटलेली कडी त्याने सांधली जात नाही.

आता तुमचा भाचा. सीडीआर, म्हणजे मोबाइल कंपनीकडची कॉलची नोंद, फोन कधी आणि किती वेळ झाला ते सांगतो. बोलणं काय झालं, ते नाही. दोघे रोजच बोलत असतील, तर त्या रात्रीच्या फोनला फारसं वजन उरत नाही. एरवी महिना-महिना फोन नाही आणि त्या रात्री धडाधड पाच, शिवाय पैसे फिरलेले, तर मात्र काळजी करा. अटकेनंतर मुख्य आरोपीने पोलिसांपुढे याचं नाव घेतलं असेल, तर तो कबुलीजबाब याच्याविरुद्ध वापरता येत नाही. सीडीआरसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र जोडलंय का, तेही वकिलांना बघायला सांगा.

आधीच्या सहा महिन्यांचा सीडीआर राखून ठेवावा म्हणून अर्ज मात्र याच आठवड्यात टाका. कंपन्या हे रेकॉर्ड कायम सांभाळत नाहीत, आणि पोलीस बहुधा घटनेच्या आसपासचेच दिवस मागवतात.